उलट्या बाजूनं

पुणे इम्पिरियलचे कपडे
तीन हंगाम माझ्या लाँड्रीत येत होते,
बोपोडीत, रेल्वे फाटकाच्या अलीकडं.
पहिल्याच दिवशी बोनी डिमेलो म्हणाला,
"वहिनी, जर्सी उलटी करून इस्त्री मारायची.
सुलट फिरवलीत तर नाव वितळतं,
इस्त्रीला चिकटून येतं."
मी म्हटलं, हे कसलं हो नाव,
उन्हात टिकतं नि उबेला भितं?
तो हसला. कॅम्पातला माणूस,
हसून सोडून द्यायचा.

तेव्हा सगळंच जांभळं होतं.
बालेवाडीचे खांब, रिक्षांच्या पाठी,
एफसी रोडवर तर एवढे फलक
की माझा दीर विचारायचा,
रस्ता यांनीच विकत घेतलाय का?
पहिल्या मॅचला मालक हेलिकॉप्टरमधनं उतरले,
बाणेरहून.
बाणेरहून बालेवाडीला!
पायी गेले असते तर चहा पिऊनही वेळेत पोचले असते.

मी खेळ कधी पाहिला नाही.
मला डागांवरनं कळायचं.
जिंकले की केक, कोल्ड्रिंक,
कुणाच्या तरी ओठांची लाली.
हरले की नुसता घाम,
आणि एखादी जर्सी
उगाच नीट घडी घालून टाकलेली.
दहा नंबर जेउर्सनचा, ब्राझीलचा.
कॉलरला अत्तर, गुडघ्याला गवत,
पाठीला माती कधीच नाही.
पडायचाच तर गोलासमोर, मोजून.
आणि एक नंबर त्या मिझो पोराचा,
लालरिनमुआना. आमच्या गल्लीत लाल्या.
त्याच्या जर्सीला दोनदा साबण लागायचा,
पैसे एकदाचेच.

दुसऱ्या वर्षी कप आणला.
उघड्या बसमधनं मिरवणूक, ढोल, जांभळा गुलाल,
आणि नळस्टॉपला बस दीड तास अडकली.
शेवटी कप खाली उतरवून
रिक्षानं पुढं पाठवला.
रिक्षावाल्यानं मीटर टाकलं होतं म्हणे.

मग काय झालं ते मला हिशोबाच्या वहीतनं दिसलं.
आधी टॉवेल कमी झाले.
मग सरावाचे कपडे दोन दिवसांआड.
मग एका सकाळी बोनी,
माझ्याकडं न बघता,
"मोज्यांना रफू होईल का?"
चेक परत आला. बँकेतली मुलगी
इतक्या हळू बोलली,
जशी चोरी मीच केली होती.
जेउर्सन रात्रीच लोहगावला गेला,
बूट तसेच ठेवून.
खेळाडू रोज फोन लावत होते,
मालकांचा नंबर रोज वाजत होता.
आणि सगळं गाव म्हणालं, आम्हाला ठाऊकच होतं.
हेच गाव माझ्याकडं पास मागायला यायचं,
दूधवाल्यापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत.

लाल्या आला श्रावणात, छत्री न घेता.
स्वतःची एकच जर्सी मागितली,
अठरा रुपये मोजून ठेवले.
"बाकीचा मी नाय देऊ शकत, दीदी."
मी म्हटलं, तुझ्याकडं मागितलं कुणी?
तरी उभाच राहिला,
जसा पेनल्टीच्या आधी राहत असेल.
हल्ली खडकीत पोरांना शिकवतो.
कधी दिसतो, कधी नाही.

बाकीच्या एकवीस फळीवर होत्या.
एकसष्ट हजार चारशे येणं,
वहीत अजून शाईनंच लिहिलेलं.
परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.
दहा नंबर काढली, पसरली,
उलटी केली नाही.
इस्त्री ठेवली आणि बोनीचं बरोबर निघालं:
आधी कंपनीची जाहिरात गेली,
मग सिंह, मग ज, मग उ.
वास मात्र वाईट आला.

इस्त्री घासली, मीठ लावलं, मेण लावलं.
तरी काल परचुरे सरांच्या पांढऱ्या शर्टावर,
अगदी खिशापाशी,
जांभळा अर्धा सिंह उमटला.
लिंबानं जाईना, रॉकेलनं जाईना.
सर संध्याकाळी आले, चष्मा वर करून बघितलं,
"हे काय आहे?"

मी म्हटलं, सर,
हे पुणे इम्पिरियल.
धुण्याचे पैसे देऊ नका.